भोर ते महाड : पाच सेंटिमीटर

भोरहून वरंधा घाटाने महाडला उतरायचे ठरले आणि बेत आखण्यासाठी फोनवर नकाशा उघडला, की पहिली अडचण पडद्याच्या रुंदीची येते. घाट अजून बराच लांब असतो. भोर आणि महाड यांच्यात सरळ रेषेत साधारण ४६ किलोमीटर अंतर आहे. दोन्ही गावे एकाच वेळी पडद्यावर मावतील इतका नकाशा लहान केला, की त्याची झूम-पातळी दहाच्या घरात येते. या पातळीवर, आपल्या अक्षांशावर, नकाशाचा एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे सुमारे १४५ मीटर. सर्वसाधारण फोनच्या रुंदीत असे चारशेएक ठिपके मावतात, म्हणजे ५८ किलोमीटर. आणि ही रुंदी मोजायला गेले तर साडेसहा सेंटिमीटरच्या आसपास भरते. हिशेब सरळ आहे. निरा देवघरचे पाणी, हिर्डोशीचे खोरे, वाघजाईच्या देवळाजवळची वळणे, खाली माझेरी आणि बिरवाडी, हे सगळे पाच सेंटिमीटरांत बसवायचे आहे. एका सेंटिमीटरात नऊ किलोमीटर! भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नेहमीच्या स्थलदर्शक नकाशावर, म्हणजे टोपोशीटवर, एका सेंटिमीटरात अर्धा किलोमीटर असतो. तिथे हेच अंतर नव्वद सेंटिमीटर होते आणि नकाशा पसरायला सतरंजी लागते. पाच सेंटिमीटरांत काय ठेवायचे आणि काय गाळायचे हे कोणीतरी ठरवावेच लागते, आणि फोनवर ते संगणकाची आज्ञावली ठरवते. ती आधी वाड्यांची नावे गाळते, मग लहान गावांची, मग ओढे आणि डोंगर. बोटांनी नकाशा मोठा करत तेराव्या पातळीवर गेले की नावे परततात, पण तोवर पडद्यावर जेमतेम सात किलोमीटरचा तुकडा उरलेला असतो. नावे वाचता येतात तेव्हा रस्ता कुठून आला आणि कुठे चालला ते दिसत नाही. रस्ता सलग दिसतो तेव्हा नावे गेलेली असतात.

वाट सांगणे आणि बेत आखू देणे ही दोन वेगळी कामे आहेत. फोनवरचे नकाशे पहिल्या कामात इतके तरबेज झाले, की दुसरे त्यांनी जवळपास सोडूनच दिले, असे माझे म्हणणे आहे. वाट सांगायला गाडी आत्ता कुठे आहे आणि पुढचे वळण किती मीटरवर आहे, एवढे पुरते. बेत आखणाऱ्याचे प्रश्न निराळे असतात. कोणत्या खोऱ्यातून आत शिरायचे आणि कोणत्या खिंडीतून बाहेर पडायचे, रस्ता कुठे चढतो, कुठे एकपदरी होतो, पेट्रोल शेवटचे कुठे मिळेल, अंधार पडायच्या आत घाट उतरून होईल का, एखादा फाटा चुकला तर पुढे वळायला जागा आहे की तसेच शेवटच्या वाडीपर्यंत जावे लागेल. यांची उत्तरे ‘१ तास ५२ मिनिटे’ या आकड्यात नसतात. ती नकाशाकडे दहा मिनिटे नुसते पाहून मिळायला हवीत. मिळत असतील तर नकाशा वाचनीय. नाहीतर तो फक्त आज्ञा देणारा. या फरकाची परीक्षा पुणे–सोलापूर महामार्गावर होत नाही, कारण तिथे कोणताही नकाशा चालतो. ती भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांत होते.

या तालुक्यांत रस्ते नदीच्या तंत्राने चालतात. कानंदी, गुंजवणी, वेळवंडी आणि निरा या नद्या सह्याद्रीच्या कण्यावरून पूर्वेकडे उतरतात. त्यांच्यामध्ये डोंगराच्या लांब सोंडा आहेत. तोरणा आणि राजगड अशाच सोंडांवर बसले आहेत. शिवकाळात मुलूख ओळखला जाई तोही याच हिशेबाने: कानंदीचे कानद मावळ, गुंजवणीचे गुंजण मावळ, वेळवंड खोरे, निरेच्या उगमाकडचे हिरडस मावळ, रोहिड्याच्या अंगाने रोहिड खोरे. देशमुखी खोऱ्यागणिक होती. हिरडस मावळात बांदल, रोहिड खोऱ्यात कारीचे जेधे, गुंजण मावळात शिळीमकर. खोरे हे तिथले एकक होते, आणि रस्त्याच्या बाबतीत ते आजही तसेच आहे. एका खोऱ्यातल्या गावातून त्याच खोऱ्यातल्या दुसऱ्या गावात जाणे सोपे. शेजारच्या खोऱ्यात जायचे तर बहुतेक वेळा तोंडापर्यंत खाली येऊन पुन्हा वर चढावे लागते. वेल्हे ते भोर सरळ रेषेत अठ्ठावीस किलोमीटरच्या आत आहे. रुळलेला रस्ता मात्र मार्गासनीवरून नसरापूर, तिथून महामार्गावर चेलाडी फाटा, मग कापूरहोळ आणि मग भोर असा फिरतो, आणि पंचेचाळीसच्या पुढे जातो. राजगडाचे उदाहरण याहून बोलके आहे. उत्तरेच्या पायथ्याला गुंजवणे, दक्षिणेच्या अंगाला भुतोंडे. मध्ये एकच किल्ला. पायी चालणारा गुंजवण्यातून चढून अळू दरवाजाने भुतोंड्याकडे एका दिवसात उतरतो. गाडीला तेच करायला डोंगराला मोठा वळसा पडतो. फोनवरच्या सपाट, फिकट नकाशात ही दोन गावे शेजारी दिसतात. ‘टेरेन’ नावाचा थर असतो, पण तो एका बटणामागे दडलेला, आणि तो लावला तरी डोंगर असतात पुसट राखाडी सावल्यांसारखे. ज्या प्रदेशात रस्त्याचे सगळे व्याकरण डोंगर ठरवतो, तिथे डोंगर ऐच्छिक ठेवणे हा त्या नकाशाचा मूळ दोष आहे.

दुसरा दोष घाटांचा. वेल्ह्याच्या पश्चिमेला सह्याद्रीची धार तुटते तिथे उपांड्या, मढे, बोराट्याची नाळ, सिंगापूर नाळ अशा कितीतरी घाटवाटा कोकणात उतरतात. दक्षिणेला भोरच्या हद्दीत वरंधा आहे, आणि वेल्हे तालुक्याच्या पोटातच पुण्याच्या बाजूने येणारा पाबे घाट. फोनवरच्या नकाशात या सगळ्यांचे ठसे सारखेच असतात: एक लाल किंवा हिरवी खूण, शेजारी नाव, खाली तारे आणि लोकांनी टाकलेले फोटो. वास्तवात वरंधा हा महाड–भोर–पंढरपूर या राष्ट्रीय महामार्गाचा भाग आहे. पाबे हा गाडीचा पण चांगलाच चढाचा रस्ता. आणि केळदजवळचा मढे घाट ही खाली कर्णवडीकडे उतरणारी पायवाट. तानाजी मालुसऱ्यांचा देह याच वाटेने उमरठला नेला अशी परंपरा सांगते. आज लोक तिथे धबधबा पाहायला जातात. ‘मढे घाटातून महाडला’ असा बेत नकाशावरच्या नावावरून कोणी केला, तर गाडी कड्याच्या अलीकडे थांबेल. पाब्याचे तसे नाही. पुण्याहून वेल्ह्याला जायला दोन रस्ते आहेत. एक महामार्गाने नसरापूर आणि मार्गासनीवरून. दुसरा सिंहगडाच्या पायथ्याच्या खानापुरावरून रांजणे आणि पाबे असा. मार्गदर्शक ॲप त्यातला एक मिनिटांवरून निवडते. वयस्कर माणसे मागे बसली आहेत, गाडी सात जणांनी भरलेली आहे, वळणांनी कोणाला तरी मळमळते, हे त्याला ठाऊक नसते. ते ठाऊक असणारा माणूस नकाशा पाहून दोन मिनिटांत निवड करील, पण त्यासाठी चढ आणि वळण नकाशावर दिसले पाहिजे.

रंगांचे काय झाले तेही पाहू. आपल्याकडे सार्वजनिक बांधकाम खाते रस्त्यांची प्रतवारी करते: राष्ट्रीय महामार्ग, राज्यमार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग, ग्रामीण मार्ग. मैलाच्या दगडाच्या डोक्यावरचा रंगसुद्धा याच प्रतवारीने बदलतो. एके काळी आयशर किंवा टीटीकेच्या छापील रस्ते-नकाशात जाड लाल, बारीक लाल, पिवळी, तुटक अशा रेषांनी ही उतरंड डोळ्याला कळायची. गूगलच्या नकाशात महामार्गाखालचे बहुतेक रस्ते वर्षानुवर्षे पांढऱ्यावर पांढरे राहिले, आणि २०२३ मध्ये रंग बदलले तेव्हा ते राखाडी झाले. नकाशांचे अभ्यासक जस्टिन ओ’बर्न यांनी २०१६ मध्ये गूगलच्या २०१० आणि २०१६ च्या नकाशांची तुलना करून दाखवले होते, की मधल्या काळात पडद्यावरचे रस्ते वाढले आणि गावांची नावे घटली. म्हणजे रेषांचे जाळे दाट झाले आणि त्या रेषा कुठे जातात ते सांगणारे शब्द पातळ. हा दोष अज्ञानातून आलेला नाही. ज्याला फक्त निळी रेषा पाळायची आहे त्याच्या दृष्टीने बाकीचे रस्ते पार्श्वभूमी असतात आणि पार्श्वभूमी फिकट असलेलीच बरी. शिवाय फिकट कागदावर हॉटेल, रिसॉर्ट आणि फार्महाऊसच्या खुणा उठून दिसतात. धंद्याच्या बाजूने हे चोख आहे. बेत आखणाऱ्याच्या बाजूने मात्र भाटघरच्या काठचा वाहता रस्ता आणि एखाद्या फार्महाऊसच्या फाटकापर्यंत जाणारी खडी टाकलेली वाट यांत फरक उरत नाही. फ्रान्समध्ये मिशेलिन ही टायरची कंपनी एका सेंटिमीटरात दोन किलोमीटर या प्रमाणाचे रस्ते-नकाशे छापते आणि पाहण्याजोग्या रस्त्यांना कडेने हिरवी रेघ मारते. एक रेघ, पण तिने प्रवाशाला कळते की इथे लांबचा रस्ता घेण्यात शहाणपण आहे. निरेच्या वळणाच्या नेकलेस पॉइंटवरून भोरला येणारा रस्ता किंवा निरा देवघरच्या काठाने वर चढणारा रस्ता अशा रेघेला शंभर टक्के पात्र आहे.

नावांबद्दल थोडेच सांगतो. भोर तालुक्यात एक आंबवडे आहे, नागेश्वराचे देऊळ आणि संस्थानी काळचा झुलता पूल असलेले, रायरेश्वराच्या वाटेवरचे. त्याच तालुक्यात दुसरे आंबाडे आहे, मांढरदेवीवरून वाईला जाणाऱ्या रस्त्यावरचे. रोमन लिपीत दोन्हींत एक-दोन अक्षरांचा फरक राहतो, आणि शोधाच्या चौकटीत घाईने टंकणाऱ्याला तोही राहत नाही. दोन्ही वाटा वेगळ्या दिशेला जातात. रोमनमध्ये भरलेली नावे यंत्राकडून पुन्हा देवनागरीत आणली, की ‘ळ’चा ‘ल’ होतो, ‘ण’चा ‘न’ होतो, आणि फाट्यावरच्या पाटीशी नकाशा जुळेनासा होतो. त्यातच वेल्हे तालुक्याचे नाव राजगड करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये घेतला. नाव योग्यच आहे. पण राजगड हा किल्ला, राजगड हा तालुका आणि वेल्हे हे गाव यांतले आपल्याला कोणते हवे आहे ते शोधणाऱ्याने आता स्पष्ट केलेले बरे.

मग वाचनीय नकाशा आहे कुठे? सर्वांत वाचनीय नकाशा आपल्याकडे आधीपासून आहे आणि तो फुकट आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाची स्थापना १७६७ ची. १:५०,००० प्रमाणावरच्या त्याच्या टोपोशीटवर वीस-वीस मीटरच्या अंतराने तपकिरी समोच्च रेषा असतात, रस्ते लाल, पाणी निळे, झाडी हिरवी, शेती पिवळी. पक्का रस्ता, कच्चा रस्ता, बैलगाडीची वाट आणि पायवाट यांच्या रेषा वेगळ्या. जुन्या क्रमांकांनुसार भोर ४७ एफ/१६ या शीटवर येते, राजगड आणि वरंधा ४७ एफ/१२ वर, तोरणा ४७ एफ/११ वर, आणि महाड ४७ एफ/८ वर. भोर ते महाड म्हणजे सोळा, बारा आणि आठ, एका ओळीतल्या तीन शीट. बारा क्रमांकाची शीट समोर ठेवली की आधी लिहिलेले सगळे एका नजरेत कळते. पूर्वेकडे समोच्च रेषा ऐसपैस, नदीला समांतर. पश्चिमेकडे सरकावे तशा त्या जवळ येत जातात आणि कड्यापाशी एकमेकींत मिसळून तपकिरी पट्टाच होतो. त्या पट्ट्याला जी रेषा काटकोनात, ठिपक्या-ठिपक्यांनी ओलांडते ती घाटवाट. जी नागमोडी, अखंड लाल होऊन ओलांडते तो गाडीचा घाट. मढे आणि वरंधा यांतला फरक सांगायला इथे एकही शब्द लागत नाही. वर्षानुवर्षे ही शीट मिळवणे हाच एक उद्योग होता. सीमा आणि समुद्रकिनारा यांच्यालगतच्या रुंद पट्ट्यातले नकाशे ‘रिस्ट्रिक्टेड’ असत. डोंगरवेडे लोक झेरॉक्सच्या झेरॉक्सवर भागवत. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने लष्करासाठी वेगळी आणि जनतेसाठी वेगळी मालिका केली. २०१७ मध्ये, विभागाच्या अडीचशेव्या वर्षी, जनतेसाठीची मालिका ‘नक्शे’ या संकेतस्थळावर मोफत उतरवून घेता येऊ लागली. फेब्रुवारी २०२१ च्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनी नकाशे बनवण्यावरची पूर्वपरवानगीची बंधनेही भारतीय कंपन्यांपुरती बहुतांश उठवली. तरी प्रवासाला निघणाऱ्यांत टोपोशीट उघडणारे विरळाच.

त्याला कारणेही आहेत, आणि ती नाकारता येणार नाहीत. टोपोशीट शिळी असते. निरा देवघर आणि गुंजवणी ही धरणे अलीकडची. जुन्या शीटवर त्यांचे पाणी नाहीच, आणि जिथे लाल रेषेने रस्ता दाखवला आहे तिथे आज जलाशय असू शकतो. प्रधानमंत्री आणि मुख्यमंत्री ग्रामसडक योजनांनी वाड्यावस्त्यांपर्यंत नेलेले रस्ते तिच्यावर शोधून सापडणार नाहीत. रायरेश्वराच्या लोखंडी शिडीजवळपर्यंत आता गाडी जाते, तीही गोष्ट जुन्या शीटला ठाऊक नाही. शिवाय पीडीएफ फोनवर वाचायची म्हणजे पुन्हा तीच साडेसहा सेंटिमीटरची खिडकी. म्हणून डोंगर आणि नदी टोपोशीटवरून घ्यावी, कारण ती शंभर वर्षांत हलत नाही. रस्ता मात्र दुसरीकडून घ्यावा. ही दुसरी जागा म्हणजे ओपनस्ट्रीटमॅप. २००४ साली इंग्लंडमध्ये सुरू झालेला हा लोकांनी भरलेला नकाशा आहे. त्याच्या माहितीवर ऑस्मअँड, ऑरगॅनिक मॅप्स यांसारखी ॲप चालतात आणि नेटवर्क नसताना संपूर्ण नकाशासह चालतात. ज्या खोऱ्यांत मोबाइलचा सिग्नल डोंगराच्या आड जातो तिथे ही सोय मोठी आहे. इथे रस्त्याला नुसती रेषा नसते, गुण असतात: पृष्ठभाग डांबरी, काँक्रीटचा की मातीचा, वाट गाडीची की पायाची. त्याच माहितीवर ओपनटोपोमॅप हा जर्मनीतला प्रकल्प समोच्च रेषा चढवतो. या रेषांचे मूळ बहुतांशी फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या अंतराळयानाने अकरा दिवसांत रडारने केलेल्या मोजणीत आहे. भोर–वेल्ह्यासाठी पडद्यावर, एका दृष्टिक्षेपात, डोंगर आणि रस्ता दोन्ही दाखवणारा याच्याइतका सोयीचा नकाशा मला दुसरा माहीत नाही. उणीव एकच, पण मोठी. तो लोकांनी भरलेला असल्याने जिथे भरणारे थोडे तिथे तो रिकामा. किल्ल्यांच्या वाटा गिर्यारोहकांनी बारकाईने भरल्या असतात आणि शेजारच्या वाडीला नाव नसते. आपल्याकडचे मॅपल्स आणि इस्रोचे भुवनही पाहावे. रस्ता डांबरी आहे की नाही हे ठरवताना भुवनचे किंवा गूगलचे उपग्रह-चित्र शेवटचा साक्षीदार ठरते.

आता काळाचा प्रश्न, जो कोणताच नकाशा धड सोडवत नाही. भाटघरचा जलाशय फोनवर बारा महिने सारखाच निळा असतो. प्रत्यक्षात १९२० च्या दशकात बांधलेल्या या धरणाचे पाणी मे-जूनमध्ये इतके मागे हटते, की वेळवंड खोऱ्यातले एरवी बुडालेले कांबरेश्वराचे देऊळ उघडे पडते. नकाशातला काठ आणि डोळ्यांना दिसणारा काठ यांत बरेच रान असते. हा फरक गमतीचा. वरंधाचा फरक जिवाशी आहे. २२ जुलै २०२१ च्या पावसात महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच पावसाने वरंधा घाटाचीही वाताहत केली. तेव्हापासून पावसाळ्यात हा घाट अवजड वाहनांना बंद ठेवण्याचे आणि रेड किंवा ऑरेंज अलर्ट असताना सगळ्यांनाच बंद करण्याचे आदेश जिल्हा प्रशासनाकडून निघत आले आहेत. मग पर्याय ताम्हिणीचा, किंवा वाई-महाबळेश्वरवरून आंबेनळीचा. दोन्हींत दिवसाचे गणित बदलते. आदेश निघतो तो कागदावर. तो वर्तमानपत्रात येतो, व्हॉट्सॲपवर फिरतो, आणि नकाशाला कळला तर कळतो. नकाशाला न कळल्यास काय होते ते जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात दिसले. कळसूबाईकडे निघालेली पुण्याची गाडी रात्री कोतुळजवळ धरणाच्या फुगवट्याखाली गेलेल्या पुलावर शिरली, आणि चालक बुडाला. पूल नकाशावर होता, जमिनीवरही होता. वर्षातले काही महिने तो पाण्याखाली जातो, ही तिसरी गोष्ट नकाशाला सांगितलेली नव्हती.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की एवढा खटाटोप कशाला, फोन बोलतो आहे, ऐकत जावे. वाहतुकीची कोंडी चुकवण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. खेड शिवापूरच्या टोलनाक्यापर्यंत त्याचेच ऐकावे. पण त्याची अक्कल इतर फोनांच्या हालचालीवर चालते. ज्या रस्त्यावर तासाला चार गाड्या जातात तिथे त्याच्याजवळ शिकायला फारसे काही नसते, आणि उरतो तो कोरा अंदाज. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: फाट्यावरच्या टपरीवर विचारावे, तिथला माणूस नकाशापेक्षा जास्त जाणतो. खरे आहे, आणि ‘पुढं रस्ता खचलाय, खालनं जावा’ हे वाक्य कोणत्याही उपग्रहाला उच्चारता येणार नाही. मात्र तो उत्तर देतो ते आपल्या प्रश्नाचे. चार दिवस आधी घरी बसून वाट ठरवणाऱ्याला टपरी उपलब्ध नसते, आणि चुकीच्या खोऱ्यात शिरल्यावर विचारले तर उत्तर बरोबर असूनही पन्नास किलोमीटरचे पडते. विचारायचे कुठे आणि काय, हे कळायलाच नकाशा वाचावा लागतो. तिसरा आक्षेप मला सर्वांत खरा वाटतो. वाट सोपी झाली की गर्दी येते. मढे घाटावर पावसाळी रविवारी काय होते ते तिथल्या गावकऱ्यांना विचारा. रायरेश्वराच्या पठारावर राहणाऱ्यांनाही विचारा. असे असताना चांगल्या नकाशाची मागणी करणे म्हणजे आगीत तेल नव्हे काय? माझे उत्तर असे, की गर्दी आणणारा नकाशा तो हा नव्हे. ठिकाणाची एक खूण, वर पाच तारे आणि तिच्यापर्यंत नेणारी एक निळी रेषा, हा गर्दीचा नकाशा. तो सगळ्यांना एकाच कड्यावर, एकाच वेळी नेऊन सोडतो. ज्यावर सगळे खोरे दिसते त्यावर दहा जण दहा ठिकाणी जातील अशी शक्यता तरी असते. आणि पुढे रस्ता संपतो, वळायला जागा नाही, गाव लहान आहे, हे आधी कळलेला माणूस गाडी अलीकडे लावतो. यात थोडा आशावाद आहे हे मान्य. पण उलट बाजूला तर आजची स्थिती आहे.

तेव्हा तूर्त जमेल ती रीत अशी. मोठ्या पडद्यावर, लॅपटॉपवर, बेत आखावा, फोनवर नाही. आधी ओपनटोपोमॅपवर खोरी आणि खिंडी पाहून घ्याव्यात, शंका आली तिथे टोपोशीट उघडावी. निवडलेल्या रस्त्याचे अवघड तुकडे उपग्रह-चित्रावर पाहावेत. फाट्यांची नावे, चेलाडी, मार्गासनी, साखर, कापूरहोळ, कागदावर ओळीने लिहावीत. हा कागद बॅटरी मागत नाही. मग निघायच्या सकाळी गूगलला विचारावे की महामार्गावर गर्दी किती, आणि घाट उघडा आहे का ते भोर किंवा महाडच्या पोलिसांना फोन करून विचारावे.

एका प्रवाशाने एवढे करावे हे जरा जास्तच आहे, आणि ते त्याचे काम नव्हे. माहिती सरकारजवळ आहे. ग्रामसडक योजनेतल्या देशभरच्या रस्त्यांची आणि वस्त्यांची भौगोलिक माहिती केंद्राने २०२२ मध्ये सर्वांना खुली केली. स्वित्झर्लंडने आपल्या सर्वेक्षण खात्याचे अंकीय नकाशे मार्च २०२१ पासून मोफत आणि वापरायला मोकळे केले, तसे करायला आपल्यालाही कोणी अडवलेले नाही. पुणे जिल्ह्यापुरते दोनच गोष्टींनी भागेल. एक, सार्वजनिक बांधकाम खात्याने आपला जिल्हा रस्ते-नकाशा मराठी नावांसह, प्रतवारीच्या रंगांत आणि समोच्च रेषांवर, एका सेंटिमीटरात दोन किलोमीटर या प्रमाणाने काढून उतरवून घेण्यासाठी ठेवावा. भोर आणि राजगड हे दोन्ही तालुके त्यात हातभर कागदावर येतील. दोन, घाट बंद करण्याचा आदेश काढताना त्याला बंद तुकड्याच्या दोन टोकांचे अक्षांश-रेखांश आणि सुरुवात-शेवटाची तारीख जोडावी, म्हणजे कोणत्याही नकाशाला तो त्याच दिवशी वाचता येईल. यासाठी नवे खाते लागत नाही, निविदा लागत नाही. आदेशाच्या नमुन्यात दोन ओळी वाढवाव्या लागतात. पुढच्या जूनमध्ये वरंधाचा आदेश निघेल, तेव्हा जिल्हाधिकाऱ्यांनी एवढे करून पाहावे.